पुष्पनाममीमांसा, अर्थात झेंडू नावाची मुलगी का नसते?

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ती मोडण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. या ग्रंथाचा विषय फुलांवरून ठेवलेली माणसांची नावे. प्रयोजन काहीही नाही. संबंध असा, की आमच्या घरात कुसुम, नलिनी आणि प्राजक्ता अशा तीन पिढ्या एका छताखाली नांदल्या आणि तिघींचेही एकमेकींच्या नावांबद्दल फारसे चांगले मत नव्हते. अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ वाचण्यास पात्र कोण, तर बारशाच्या आदल्या रात्री अकराला ज्याला फोन येतो, ‘एखादं छानसं नाव सुचव ना, पण वेगळं हवं हं,’ तो.

मूळ प्रश्न दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोणत्याही चौकात उभे राहिले की आपोआप पडतो. दाराच्या तोरणात झेंडू, एसटीच्या बॉनेटवर झेंडू, रिक्षाच्या हँडलला झेंडू, कारखान्यातल्या लेथ मशीनला झेंडू, पाटीवर काढलेल्या सरस्वतीपुढे झेंडू. पुढाऱ्याच्या गळ्यात तर इतका झेंडू, की आत पुढारी आहे हे अंदाजाने ठरवावे लागते. ज्या फुलावाचून मराठी माणसाचे एकही कार्य पार पडत नाही, ते नाव त्याने आपल्या मुलीला ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जाई आहे, जुई आहे, केतकी, अबोली, सायली, शेफाली आहे; शाळेच्या हजेरीपटावर अर्धी बाग भरते. ‘झेंडू?’ ‘हजर बाई!’ असे मात्र कुठे ऐकू येत नाही. का?

यावर निरनिराळे पूर्वपक्ष संभवतात. ते एकेक करून मांडू आणि मोडू.

पहिला पक्ष स्वदेशीवाल्यांचा. झेंडू मूळचा इथला नाही, मेक्सिकोकडून आला, म्हणून त्याला पाळण्यात जागा नाही, असे ते म्हणतात. या पक्षाचे खंडन निशिगंधा हे एकच नाव करते. निशिगंधा म्हटले की कण्वाच्या आश्रमात शकुंतलेच्या शेजारच्या पर्णकुटीत राहणारी, हरणांना दर्भ भरवणारी कोणी सखी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात कण्वमुनींना हे फूल दिसणे शक्यच नव्हते. निशिगंधही मेक्सिकोचाच. म्हणजे तो आणि झेंडू एका गावचे म्हणायला हरकत नाही. एकाला इथे उतरल्यावर संस्कृत नाव मिळाले, दुसरा झेंडू राहिला. देवळाच्या दारातला पांढरा चाफासुद्धा अमेरिकेतूनच आलेला. तेव्हा हा पक्ष पडला.

दुसरा पक्ष वासाचा. झेंडूचा वास उग्र, म्हणून नको. पण मग अबोलीला वास कुठे आहे? मुळीच नाही. तरी अबोली चालते, किंबहुना धावते. (अबोली नावाच्या मुली किती बोलतात हा विनोद इतका जुना आहे, की तो आम्ही करणार नाही.)

तिसरा पक्ष वैयाकरणांचा, आणि तो वरवर पाहता भक्कम आहे. जाई, जुई, सायली, अबोली ही फुले मुळातच स्त्रीलिंगी, त्यामुळे ती झाडावरून थेट पाळण्यात जातात. मोगरा, चाफा, केवडा, झेंडू हे पुल्लिंगी. मुलीचे नाव मोगरा कसे ठेवणार? परंतु मराठी आईबाप लिंगाला घाबरत नाहीत. प्राजक्त पुल्लिंगी होता, त्याला काना जोडून प्राजक्ता केली. निशिगंधाचेही तसेच. चाफ्याऐवजी चंपा आणि केवड्याऐवजी केतकी असे पर्याय तयारच होते. राहता राहिला झेंडूचा ऊकार. तर इंदू, सिंधू, बिंदू या रांगेत झेंडूला उभे राहायला पाणिनीची काय हरकत असणार? यमकसुद्धा जुळते.

चौथा पक्ष चारित्र्याचा. फुलाच्या नावाला काही कलंक असेल तर ते टाळतात, असे या पक्षाचे म्हणणे. याच्या उत्तरादाखल आम्ही केतकीला साक्षीदार म्हणून बोलावतो, आणि तिने याआधी एकदा साक्ष दिलेली आहे हे नम्रपणे निदर्शनास आणतो. ब्रह्मदेवाने शिवलिंगाचे टोक गाठल्याची थाप मारली, तेव्हा ‘हो, मी पाहिलं,’ असे केतकीने सांगितले आणि त्या खोट्या साक्षीपायी शंकराच्या पूजेतून ती कायमची बाद झाली, ही कथा घरोघर ठाऊक आहे. महाशिवरात्रीला केवडा पिंडीवर वाहू न देणारी आजी त्याच घरातल्या नातीला ‘केते, पाट मांड’ म्हणून हाक मारते. थेट देवासमोर खोटे बोलणारे फूल जिथे चालते, तिथे झेंडूचे तर काहीच प्रकरण बाहेर आलेले नाही.

पाचवा पक्ष ज्योतिषाचा: ‘झ’ अक्षर आले तर ना! पण येते. उत्तराभाद्रपदा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे दू, थ, झ, ञ अशी आहेत. चौथ्या चरणावर बाळ झालेल्या घरात काय होत असेल ते असो, तिसऱ्या चरणाचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नात्यातल्या एका बारशाला गुरुजींनी पंचांग मिटले, चष्मा कपाळावर सरकवला, ‘झ’ असे म्हटले आणि पेढ्याकडे हात नेला. खोलीत शांतता. आत्याने भीतभीत विचारले, ‘झुंबर?’ ‘ते छताला असतं,’ बाळाची आई म्हणाली. आजोबांनी झाशी सुचवले. ‘राणी झाशीची असते, झाशी राणी नसते,’ म्हणून आजींनी ते उडवून लावले. कोणीतरी झंकार म्हणाले; त्या नावाचे बँडपथक वरातीला आले होते, असे निघाले. हे सगळे चालू असताना पाळण्याच्या दोऱ्यांना, दाराला, समईभोवतीच्या रांगोळीत झेंडूच झेंडू होता. समोर ढीग पडलेला, अक्षर जुळलेले, मुहूर्त टळत चाललेला, तरी एकाच्याही तोंडून ते नाव निघाले नाही. शेवटी पत्रिकेवर जन्मनाव म्हणून झेलम गेले, आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून ‘सायली’ सांगितले आणि घुगऱ्या वाटल्या गेल्या.

पाचही पक्ष पडले. आता सिद्धान्त. आमचे सूत्र असे: तराजूत बसते ते पाळण्यात बसत नाही.

याचे भाष्य पाहायचे असेल त्याने पहाटे दादरच्या फूलबाजारात जावे. झेंडू गोणीतून येतो. विक्रेता गोणीचे तोंड सोडून ती ताडपत्रीवर उपडी करतो, दोन्ही हातांनी ढीग पारड्यात लोटतो, काटा थांबायच्या आत ‘घ्या, अर्धा किलो’ म्हणतो, आणि गिऱ्हाइकाचे तोंड वाकडे दिसले की वर दोन फुले फेकतो. जी पारड्याबाहेर पडतात त्यांच्यावर पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल पडते. कोणाला काही वाटत नाही. दोन पावलांवर कमळ नगावर, सोनचाफा नगावर, गुलाब गड्डीवर, गजरा नगावर. नगावर विकले जाते ते फूल, किलोवर विकला जातो तो माल, आणि मालाचे नाव कोणी लेकीला ठेवत नाही. सोन्याचांदीचीही नावे ठेवतात, तीही वजनावर विकली जातात, असा आक्षेप एका सराफ मित्राने घेतला. त्याला आम्ही विचारले, ‘तू दोन अंगठ्या वर फेकतोस का?’

निशिगंधाचे काय, असे सावध वाचक विचारील. सुटा निशिगंध किलोवरच जातो हे कबूल. पण नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा निशिगंध सुटा नसतो. तो दांडीसकट फुलदाणीत असतो, आणि दांडी मोजता येते. 1974 साली बासू चतर्जींच्या ‘रजनीगंधा’त अमोल पालेकर विद्या सिन्हासाठी या दांड्या घेऊन येतो. त्याने तीच फुले पाव किलो, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून आणली असती, तर चित्रपट मध्यंतरापर्यंतही पोचला नसता.

खरा अडचणीचा अपवाद शेवंतीचा. ती किलोवर विकली जाते, पायदळीही येते, तरी शेवंता हे नाव खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. इथे सिद्धान्ताला एक पुरवणी जोडावी लागते, आणि ती फार गमतीची नाही. गुलाबबाई, चंपाबाई, फुलाबाई, शेवंताबाई ही नावे कोणाकडे असत आणि प्राजक्ता, केतकी, शेफाली कोणाकडे, हे पाहिले की फूल कोणी वेणीत माळले आणि कोणी शेतात तोडले याची सरळ विभागणी दिसते. शेवंता हे फूल पिकवणाऱ्यांच्या घरातले नाव. पांढरपेशा वस्तीत ते नाव आले ते भांडी घासायला आणि तिथेच थांबले. पुढे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतल्या शेवंताने अण्णा नाईकांच्या संगतीत त्या नावाची जी काही वासलात लावली, ती लावली. आमच्या मते शेवंता हे अबोलीपेक्षा सरस नाव आहे: तीन स्वच्छ अक्षरे, मागे ठसठशीत आकार, हाक मारली तर बांधावरून पलीकडच्या विहिरीपर्यंत पोचेल. पण आमच्या मताला बारशात किंमत नसते.

सूत्राचा व्यत्यास असा, की जे फूल बाजारात दिसतच नाही त्याचे नाव सर्वांत सुरक्षित. सायली हे याचे आदर्श उदाहरण. आमच्या ओळखीच्या एकाही सायलीला सायलीचे फूल ओळखून दाखवता आलेले नाही. काहींनी जुई दाखवली, एकीने फोन दाखवला. मात्र नुसते अदृश्य असूनही भागत नाही. महाराष्ट्राचे राज्यफूल तामण. मे महिन्याच्या तोंडावर त्याचे जांभळे तुरे अगदी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही दिसतात, आणि बहुतेकांना ते राज्यफूल आहे याचा पत्ता नसतो. तेव्हा सरकारमान्य, सुंदर आणि न ओळखले जाणारे, असे तिन्ही गुण एकत्र असूनही कुमारी तामण जन्मलेली नाही. कारण उघड आहे. जी मुलगी हाक मारल्यावर पळी आणि पंचपात्र घेऊन येणार असे वाटते, तिला स्थळे कशी यायची?

आता इस्त्रीविषयी. वापरून चुरगळलेल्या फुलाला संस्कृताची इस्त्री केली की ते नाव म्हणून घालता येते, ही युक्ती मराठी मध्यमवर्गाने फार पूर्वी शोधली. शनिवारी मारुतीला वाहतात ती रुई. तिचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. रुई नावाचा मुलगा नाही, पण मंदार हवे तितके आहेत. पळस नावाला तर पाने तीनच असल्याचा टोमणा आयुष्यभर चिकटला असता, म्हणून पलाश. सर्वांत मोठी हातचलाखी कनकची. धोतऱ्याला संस्कृतात सोन्याची सगळी नावे लागू पडतात. तेव्हा मुलाचे नाव कनक ठेवणाऱ्या बापाने आपण सोने ठेवले की धोतरा, हे मुलगा दहावीत गेल्यावर ठरवावे.

या संस्कृत पेढीचा जुना हिशेब अमरकोशाच्या वनौषधिवर्गात आहे, आणि तो उघडल्यावर घरोघरी भांडणे होतील अशी माहिती बाहेर पडते. सुमना, मालती आणि जाति ही तिन्ही तिथे एकाच वेलीची नावे दिली आहेत. त्या जातीची पुढे जाई झाली. म्हणजे आजी सुमन, आई मालती आणि लेक जाई अशा घरात तीन पिढ्यांनी ‘जरा वेगळं नाव हवं’ म्हणून एकच झाड तीनदा लावले. वासंती आणि माधवी या समोरासमोरच्या बिऱ्हाडांतल्या, एकमेकींच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बायकाही अमरसिंहाच्या लेखी एकच लता. पुष्पा आणि कुसुम ही तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काहीच न सांगणारी नावे; कोणते फूल, ते त्यांत नाही. मुलाचे नाव ‘माणूस’ ठेवावे तसे ते आहे. तरीही कुसुम या नावाचे मराठी साहित्यावर एवढे मोठे ऋण आहे, की टीका आवरती घेतो: विष्णु वामन शिरवाडकरांनी स्वतःचे टोपणनाव बहिणीवरून घेतले आणि कुसुमचा थोरला भाऊ एवढीच ओळख लावून 1987 चे ज्ञानपीठ मिळवले.

मालतीची गोष्ट आणखी निराळी. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून विभावरी शिरूरकर या नावाने खळबळ उडवणाऱ्या बाई माहेरच्या बाळूताई खरे. विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई झाल्या. कळ्या आधी आल्या, फूल नंतर, असा हा क्रम. अशी फुले सासरी उमलत त्याला ताटातले तांदूळ कारण. लग्नात नवरदेव ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने नाव कोरतो. भोवती नणंदांची डोकी, एकीचा धक्का लागून काना मात्रेवर सरकतो, आणि वीस-बावीस वर्षे वापरलेले नाव तिथल्या तिथे बदलते. एका पिढीतल्या किती कुसुमांच्या या ताटात सुनंदा झाल्या आणि किती शांतांच्या कुसुम, याचा हिशेब लागणे शक्य नाही. आता पॅन कार्ड आणि पासपोर्टच्या धाकाने ही प्रथा बरीच आटोक्यात आली आहे, हे त्या दोन कागदांचे आम्हाला मान्य असलेले एकमेव पुण्य.

सिद्धान्ताला सर्वांत मोठा पुरावा आचार्य अत्र्यांनी पुरवला आहे. 1925 साली केशवकुमार या नावाने त्यांनी आपल्या विडंबनकवितांचे पुस्तक काढले, त्याचे नाव ‘झेंडूची फुले’. 1929 साली त्यांना मुलगी झाली, तिचे नाव शिरीष. झेंडूवर त्यांच्याइतका हक्क महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाचाच नव्हता. झेंडू त्यांनी जणू नावावर करून घेतला होता. तरी मुलीची वेळ आली तेव्हा या धिप्पाड माणसाने शकुंतलेच्या कानावरचे नाजूक फूल उचलले. बाजारात किलोवर सोडा, नगावरही न मिळणारे. बरे, शिरीष हे मराठीत सर्रास पुरुषाचे नाव. पुढे शिरीष पै यांनी मराठीत हायकू आणला, कविता केल्या, आणि आमची खात्री आहे की टपालाने येणारी अर्धी पत्रे ‘श्रीयुत’ या पत्त्यावर आली असणार. एवढी गैरसोय पत्करली, पण झेंडू नाही.

गोऱ्या लोकांचे शास्त्र उलटे चालते, त्याचा उल्लेख करून पुढे जाऊ. आपण फुलाचे नाव माणसाला देतो, ते माणसाचे फुलाला. कॅमेलिया हे नाव ठेवलेली मुलगी फुलामार्गे गेओर्ग कामेल नावाच्या जेझुइट मिशनऱ्याच्या नावाने वावरत असते. लिनियसने प्राजक्ताला ‘दुःखी झाड’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले, हे कुठल्याही प्राजक्ताला परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगू नये. आपल्या शिवनेरीवर सापडणाऱ्या एका दुर्मीळ फुलाला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया म्हणतात. त्याचे गावठी नाव शिंदळ माकुडी. दोन्ही नावे बारशाला नेण्याजोगी नाहीत, पण दुसऱ्यात जीव आहे. गोव्यात रोझा, मार्गारिडा आणि जासिंता आहेत. तिथल्या बाजारात सर्वत्र दिसते अबोली, आणि गुडघाभर उंचीच्या त्या झुडपाच्या वेण्या केसांत माळून जासिंताबाई मासळी घेतात. जासिंताचे हायसिंथ मात्र तिथे कोणी पाहिलेले नसते. सूत्राचा व्यत्यास कॅथलिक धर्मातही टिकतो, एवढाच याचा अर्थ.

शेवटी पुरुष. त्यांच्या वाट्याला फुले आली ती बहुधा तळ्यातली. कमळाची वाटणी करताना अरविंद, राजीव, पंकज, नीरज, पुष्कर असे खणखणीत हिस्से मुलांनी उचलले आणि नलिनी, पद्मा, सरोजिनी मुलींना दिले. कमल आणि सरोज सामाईक ठेवले. (कमळ हे निवडणूकचिन्ह कोणाचे, आणि राजीव, कमलनाथ, अरविंद कोणत्या पक्षांत झाले, याकडे आम्ही केवळ कोशकाराच्या नजरेने पाहतो.) पण कोरडवाहू फुलेही पुरुषांना वर्ज्य नव्हती. 1660 साली घोडखिंडीत बाजीप्रभूंच्या शेजारी लढून पडले ते त्यांचे भाऊ फुलाजी. विदर्भात गुलाबराव महाराज झाले, जे स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत. गुलाब नावाला राव जोडणे आणि राव जोडलेल्याने कन्या होणे, या दोन्ही गोष्टी ज्या प्रांताने शांतपणे पचवल्या, त्याला नावांतले लिंगभेद शिकवायला जाऊ नये.

या शांततेवर अलीकडे एकच आघात झाला. 1972 च्या ‘अमर प्रेम’पासून प्रत्येक पुष्पाला राजेश खन्नाचे अश्रूंविषयीचे मत लग्नकार्यांत, बँकेत, रेशनच्या रांगेत ऐकावे लागत होते. 2021 साली तेलुगू चित्रपटाने पुष्पाला दाढी फुटवली, आणि आता तीच माणसे, किंवा त्यांची नातवंडे, हनुवटीखालून उलटा हात फिरवून दाखवतात. आमच्या नात्यातल्या एका पुष्पामावशींनी हा चित्रपट नातवाशेजारी बसून टीव्हीवर पूर्ण पाहिला. रक्तचंदनाचे ओंडके ट्रकवर चढत होते तोवर त्या शेंगा सोलत गप्प होत्या. संपल्यावर म्हणाल्या, ‘तो खन्ना निदान रडू नको म्हणायचा. हा मेला लाकडं चोरतो, आणि तीसुद्धा टनावर!’